सायकल आधी डोंगर उतरली, मग चढली

श्रोतेहो, सायकल ही काही तुम्हांला नवी वस्तू नाही. तिच्यावरून पोस्टमन येताना तुम्ही पाहिला आहे, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेला गवळी पाहिला आहे, आणि पुढे नळीवर लहान, मागे कॅरिअरवर मोठा अशी दोन मुले बसवून शाळेकडे निघालेले गुरुजीही पाहिले आहेत. आपली ती काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, दीड इंच जाडीच्या टायरची सायकल पाणंदीतून जाते, बांधावरून जाते, ओढ्याच्या वाळूत रुतली म्हणजे खांद्यावर बसूनही जाते. तेव्हा मी जर तुम्हांला म्हणालो, की खडबडीत वाटेने चालणारी सायकल १९७० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत जन्मली, तर तुम्ही म्हणाल, “गुरुजी, हे काय सांगता? आम्ही तर जन्मभर अशाच वाटेने सायकल मारीत आलो!”

तुमचे म्हणणे खरे आहे. सायकल निघाली तेव्हा जगात डांबरी सडका होत्याच कुठे? पहिल्या सायकली मातीतूनच चालल्या. १८९७ सालची एक हकीकत सांगतो. अमेरिकेच्या माँटाना प्रांतात मिझुला म्हणून गाव आहे. तिथल्या छावणीत पंचविसावी पायदळ पलटण होती आणि तिचे शिपाई कृष्णवर्णी होते. जेम्स मॉस नावाच्या तरुण लेफ्टनंटच्या डोक्यात आले, की घोड्याला दाणा लागतो, पाणी लागते, तो आजारी पडतो. मग शिपायांना सायकलीच का देऊ नयेत? त्याने वीस शिपाई घेतले, सायकलींवर तंबू, अंथरूण, शिधा आणि बंदुका बांधल्या आणि मिझुलाहून सेंट लुईस गाठले. अंतर सुमारे १,९०० मैल, दिवस लागले ४१. वाटेत बर्फ लागले, चिखल लागला, वाळू लागली. रस्ता इतका वाईट असे, की पुष्कळदा हे लोक आगगाडीच्या रुळांमधल्या लाकडी स्लीपरांवरून दणदणत सायकली हाकीत. मंडळी पोचली, लोकांनी कौतुक केले, आणि सैन्याने ती कल्पना बाजूला ठेवली. शिपाई रेल्वेने परत आले.

हे एवढ्यासाठी सांगितले, की वाईट वाटेवर सायकल चालवणे ही गोष्ट जुनी आहे. नवी गोष्ट कोणती, तर मुद्दाम तशा वाटेसाठी, डोंगरासाठी म्हणून सायकल घडवणे. ही गोष्ट कोणत्याही मोठ्या कारखान्यात झाली नाही. ती झाली भंगारातून. आणि तिला कारण झाली एक वेडी शर्यत.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेचा पश्चिम किनारा, कॅलिफोर्निया प्रांत. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला समुद्राची खाडी ओलांडली, की मरिन नावाचा परगणा लागतो. तिथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. उंची अडीच हजार फुटांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने बेताचाच म्हणायचा. या भागात उन्हाळा कोरडा, गवत वाळून पिवळे पडते आणि वणवा लागला तर आवरत नाही. म्हणून वणवा विझवणाऱ्या मोटारी वर जाव्यात यासाठी डोंगरभर कच्च्या वाटा काढलेल्या आहेत. खडी नाही, डांबर नाही. माती, मुरूम, सुटे धोंडे आणि पावसाच्या पाण्याने पडलेल्या खोल चाकोऱ्या. अशीच एक वाट फेअरफॅक्स गावाजवळच्या पाइन डोंगरावरून खाली उतरते. दोन मैलांहून थोडी जास्त लांब, आणि तेवढ्यात उतार १,३०० फुटांचा.

१९७० नंतर या परगण्यातल्या काही तरुणांना या वाटांवरून सायकली सोडण्याचा नाद लागला. त्यांतले बरेचजण तिथल्या सायकल-शर्यतींच्या क्लबातले होते. गॅरी फिशर हा त्यांपैकी एक. केस फार लांब वाढवले म्हणून १९६८ साली याला शर्यतींतून बंदी झाली होती, बरं का! केसांचा आणि पायडल मारण्याचा संबंध काय, हे मला अजून उमगलेले नाही. दुसरा चार्ली केली. हा एका वाद्यवृंदाचे सामान वाहण्याचे, मांडण्याचे काम करी. तिसरा जो ब्रीझ. याला सायकलचा सांगाडा स्वतः जोडण्याची विद्या येत होती. शर्यतीच्या सायकली यांच्या घरी होत्याच. पण त्या नाजूक, बोटभर रुंद टायरच्या. डोंगराच्या वाटेवर त्यांची चाके पहिल्याच धोंड्याला वाकडी होत.

म्हणून या मंडळींनी भंगारवाल्यांची दुकाने धुंडाळली. तिथे त्यांना सापडल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या जुन्या सायकली.

या जुन्या सायकलींची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शिकागो शहरात श्विन नावाची सायकलींची मोठी कंपनी होती, १८९५ साली निघालेली. १९३० नंतर अमेरिकेत मंदी आली आणि सायकली खपेनात. तेव्हा या कंपनीने १९३३ साली मुलांसाठी एक दणकट सायकल काढली. दिसायला मोटारसायकलीसारखी, चाके सव्वीस इंची, आणि टायर दोन इंचांहूनही जाड, फुग्यासारखे फुगीर. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांनी ती फुटपाथच्या कडेवर आपटावी, पायऱ्यांवरून उतरवावी, तरी मोडू नये अशी. तिच्याच घराण्यातला एक्सेल्सिअर नावाचा सांगाडा पुढे या डोंगरवेड्यांच्या हाती लागला.

जाड टायर कशासाठी हवा, ते शिक्षक मंडळींनी मुलांना फळ्यावर काढून दाखवावे. बारीक टायरमध्ये हवा ठासून भरावी लागते. तो दगडासारखा कडक होतो. खडा लागला की सबंध सायकल उडते. जाड टायरमध्ये हवा कमी दाबाने भरली तरी चालते. मग खडा आला की टायर तेवढ्यापुरता आत दबतो, खडा पोटात घेतो आणि चाक सरळ पुढे जाते. शिवाय जमिनीला टेकणारा भाग रुंद, म्हणून माती धरून राहतो. वाळूतून घोड्याचा खूर रुततो आणि उंटाचा पाय रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या सायकलींचे दुसरेही एक वैशिष्ट्य होते. पुढचा चिमटा पुढे जास्त कललेला आणि दोन चाकांमधले अंतर मोठे. अशी सायकल गल्लीत वळवायला जड, पण उतारावर वेगाने सोडली तर स्थिर. हॅण्डल हातात थरथरत नाही. मुलांची वर्तमानपत्रे वाहण्यासाठी केलेली रचना डोंगर उतरायला नेमकी योग्य निघाली. करणाऱ्याच्या मनात तसे काहीही नव्हते!

मात्र एक उणीव होती, आणि ती जीवघेणी होती. ब्रेक.

आपल्या काळ्या सायकलीला ब्रेकची दांडी असते. ती ओढली की रबराचे गट्टू रिमला घासतात. या अमेरिकन जुन्या सायकलींना हाताचा ब्रेक नव्हता. मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक दडवलेला. पायडल उलटे दाबले, की आतले धातूचे तुकडे हबच्या भिंतीला आतून घासून चाक अडवतात. सपाट रस्त्यावर हा ब्रेक उत्तम. ना तार, ना दांडी, ना पावसाची भीती. पण डोंगरावर?

थोडा हिशेब करू. समजा, माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो वजन. ते चारशे मीटर खाली आणायचे. वर चढवताना जेवढी शक्ती खर्च झाली असेल तेवढी उतरताना कुठे तरी जिरली पाहिजे. नाहीतर सायकल खाली पोचेपर्यंत तोफेच्या गोळ्यासारखी सुटेल. ही शक्ती उष्णतेत मोजली तर एक लिटर गार पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढी भरते. काही वाटा वारा घेतो, काही माती घेते. पण मोठा वाटा जातो मुठीएवढ्या त्या हबमध्ये, आणि तोही चार-पाच मिनिटांत. हबमध्ये असते ग्रीस. ते तापते, पातळ होते, जळू लागते आणि मागच्या चाकातून धूर निघतो. मुलगा खाली पोचतो तेव्हा धुराची रेघ त्याच्या मागे असते! ग्रीस जळाले, की हब कोरडा. मग तो सगळा खोलायचा, छर्रे पुसायचे, नवे ग्रीस भरायचे आणि पुन्हा बंद करायचा. असे पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात. एक फेरी झाली की हब एकदा रीपॅक. होता होता त्या वाटेचेच नाव पडले रीपॅक. आपल्याकडे नाही का एखाद्या चढाला ‘बैलमोडी’ म्हणत? तसेच हे.

आता शर्यतीकडे येऊ. मित्रांत वाद असा, की सर्वांत वेगवान कोण? एकत्र उतरले तर वाट अरुंद. एकमेकांच्या अंगावर कोसळायचे. आणि निकाल कसा ठरवावा? केलीने तोड काढली. एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडायचे आणि प्रत्येकाचा वेळ मोजायचा. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ही पहिली शर्यत झाली. एक घड्याळ वर, एक घड्याळ खाली, दोन्ही आधी मिळवून घेतलेली. सुरुवातीच्या शर्यतींत त्यांतले एक घड्याळ नौदलातले जुने होते आणि दुसरे चक्क घरातले गजराचे! पहिल्या शर्यतीत अ‍ॅलन बाँड्स जिंकला. तो कसा जिंकला, तर बाकीचे वाटेत पडले आणि हा पडला नाही.

पुढे तीन वर्षे या शर्यती अधूनमधून होत राहिल्या. बक्षिसे नावालाच, बघ्यांची गर्दी नाही, परवानगी कोणी मागितली नव्हती आणि कोणी दिलीही नव्हती. वेंडी क्रॅग नावाची एक तरुणी या टोळीत असे. तीही सायकल चालवी आणि फोटो काढी. एका अवघड वळणावर ती कॅमेरा घेऊन उभी राही, म्हणून ते वळणच ‘कॅमेरा वळण’ झाले. त्या दिवसांचे जे काही आज डोळ्यांना दिसते, ते पुष्कळसे तिच्या फोटोंमुळे. धुळीने माखलेली माणसे, अंगात निळ्या जाड कापडाच्या विजारी, हातात कातडी मोजे, आणि एक पाय जमिनीला घासत वळण घेणारा स्वार. डोक्याला टोप बहुतेकांच्या नाही. मुलांना हे फोटो दाखवलेत, तर तेवढे मात्र अनुकरणीय नाही असे सांगा.

सर्वांत कमी वेळ फिशरचा: ४ मिनिटे २२ सेकंद. त्याच्या मागे ब्रीझ, फक्त दोन सेकंदांनी. म्हणजे धोंडे आणि चाकोऱ्या यांतून सरासरी ताशी अठ्ठावीस-एकोणतीस मैल. सपाट डांबरी सडकेवर आपण एवढा वेग घेऊ का, मला शंका आहे.

इथवरची गोष्ट ही पोरांच्या हुंदडण्याची झाली. तिचे महत्त्व वेगळ्याच जागी आहे. शर्यत म्हटली की वेळ मोजला जातो, आणि वेळ मोजला की कोणता बदल कामाचा आणि कोणता नुसता देखाव्याचा हे लगेच कळते. डोंगर खोटी स्तुती करीत नाही. चिमटा वाकला, की तो चिमटा बाद. हबमधून धूर आला, की तो हब बाद. दर शर्यतीनंतर काहीतरी मोडलेले असे आणि पुढच्या शर्यतीला त्याच्या जागी काहीतरी अधिक चांगले बसवलेले असे. हाताचे ब्रेक आले. त्यांना मूठ लावली मोटारसायकलीची, कारण सायकलीची मूठ एका हिसड्यात तुटे. हॅण्डल आले लांब-रुंद, तेही मोटारसायकलीच्या धर्तीचे, म्हणजे पकड घट्ट.

पण मोठा बदल गिअरचा. तोवर या सायकली एकाच गतीच्या होत्या. उतरायला ठीक, चढायचे म्हटले तर ढकलत न्यायच्या, नाहीतर कोणाच्या तरी ट्रकमध्ये टाकून. म्हणजे ही डोंगरावरची सायकल खरे तर डोंगर उतरण्याचीच सायकल होती! १ डिसेंबर १९७४ रोजी मरिनमधल्या मिल व्हॅली गावी चिखलवाटेच्या सायकलींची एक शर्यत झाली. तिथे दक्षिणेकडच्या कुपर्टिनो गावाहून काही मुले आली. त्यांच्या जाड टायरच्या जुन्या सायकलींना चक्क अनेक दातेरी चक्रांचे गिअर बसवलेले होते आणि ते बदलण्याची खिट्टी हॅण्डलवर, अंगठ्याजवळ. हे काम रस मॅहन या त्यांच्यातल्या तरुणाचे. मुले आली, शर्यत खेळली, परत गेली. पुढे त्यांचा पत्ता कित्येक वर्षे कोणाला नव्हता. पण मरिनच्या मंडळींनी जे पाहायचे ते पाहिले होते. १९७५ मध्ये फिशरने आपल्या जुन्या सायकलीला गिअर चढवले. आता वजन वाढले, सुमारे पन्नास पौंडांपर्यंत गेले, म्हणजे तेवीस किलोच्या आसपास. तरी सायकलीवर बसून डोंगर चढता येऊ लागला. मग त्या वाटा केवळ घसरगुंड्या राहिल्या नाहीत. सबंध रानच खुले झाले.

थोडे विषयांतर करतो. याच सुमारास तिथून हजारएक मैल दूर, कोलोरॅडो प्रांतातल्या रॉकी पर्वतात, क्रेस्टेड ब्यूट नावाच्या गावातही असाच उद्योग चालू होता. १९७६ च्या सप्टेंबरात तिथल्या टोळीने आपल्या एका गतीच्या जुनाट सायकली घेऊन पर्ल खिंड ओलांडली आणि पलीकडचे अ‍ॅस्पेन गाव गाठले. खिंडीची उंची १२,७०५ फूट! दुसऱ्या गावचे मोटारसायकलवाले ही खिंड ओलांडून आपल्या गावात येऊन मिरवतात, तर आपण सायकलीने जाऊन दाखवू, अशी ती ईर्षा. रात्री वाटेत मुक्काम, शेकोटी आणि पिणेही. १९७८ साली ही बातमी ऐकून कॅलिफोर्नियाचे पाच जण तिथे हजर झाले: केली, फिशर, ब्रीझ, वेंडी क्रॅग आणि आणखी एक. त्यांच्या सायकलींना गिअर आणि चांगले ब्रेक होते. यजमानांनी पाहुण्यांच्या सायकली पाहिल्या. पुढे काय झाले असेल, हे मला सांगायला नको. एका गावात नवा नांगर आला म्हणजे शेजारच्या गावचे लोक बांधावर उभे राहून काय बघतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

पण जुने सांगाडे पुरणार किती? ते मोडू लागले. भंगारवालेही शहाणे झाले आणि भाव वाढवू लागले. तेव्हा केलीने जो ब्रीझला गळ घातली, की बाबा, तुला सांगाडा जोडता येतो ना? मग जुन्याची मलमपट्टी सोड, नवा कर. ब्रीझने जुन्या एक्सेल्सिअरची मापे समोर ठेवली, पण पोलाद घेतले क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले, हलके आणि कणखर. साध्या लोखंडाची नळी जाड लागते. या पोलादाची पातळ नळी तेवढाच भार सोसते. १९७७ च्या शरदात त्याची पहिली सायकल तयार झाली. निकेलचा चकचकीत मुलामा दिलेली. तिच्यावर बसून तो रीपॅकची शर्यत जिंकला. १९७८ पर्यंत अशा दहा सायकली झाल्या. वजन अडतीस पौंडांच्या आसपास, म्हणजे जुन्यापेक्षा बारा पौंड कमी. किंमत सुमारे ७५० डॉलर. त्या काळी एवढ्यात एखादी बरी जुनी मोटारही मिळाली असती. लोकांनी वेड्यात काढले असेल तर नवल नाही. डोंगरासाठी म्हणून पहिल्या टाक्यापासून घडवलेली आणि एकीहून अधिक संख्येने केलेली सायकल ती हीच, असे बहुतेक जाणकार मानतात. यातली पहिली सायकल आज अमेरिकेच्या राजधानीतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

मग टॉम रिची नावाचा आणखी एक कुशल कारागीर पुढे आला. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी मिळून जवळचे किरकोळ पैसे घातले आणि त्याने केलेले सांगाडे घेऊन सायकली जुळवून विकायला सुरुवात केली. दुकानाला नाव दिले ‘माउंटनबाइक्स’. म्हणजे डोंगरी सायकली. नाव नोंदवून आपल्यापुरते राखून ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. त्यामुळे झाले काय, की ते नाव सगळ्यांचे झाले. आज जगभर त्या जातीच्या सायकलीला त्याच नावाने ओळखतात आणि नाव ठेवणाऱ्यांना त्याचा एक छदाम मिळत नाही.

१९८१ साल आले. कॅलिफोर्नियाच्याच स्पेशलाइज्ड नावाच्या कंपनीचा मालक माइक सिन्यार्ड याने या धर्तीची सायकल जपानातल्या कारखान्यात मोठ्या संख्येने करवून घेतली. स्टम्पजम्पर तिचे नाव. आता कारागिराची वाट पाहायला नको. दुकानात जावे आणि घेऊन यावे. पाठोपाठ १९८२ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी डोंगरी सायकलीसाठी म्हणून खास गिअर आणि ब्रेक काढले. तोवर सगळे भाग उसनवारीचे होते: काही मोटारसायकलीचे, काही दोन माणसांच्या लांब सायकलीचे, काही लहान मुलांच्या सायकलीचे. आता तिचे स्वतःचे गणगोत झाले. लोखंडी रिमच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची रिम आली, आणि हा फरक वाटतो त्याहून मोठा होता. कारण चाकाच्या कडेचे वजन नुसते वाहावे लागत नाही, ते फिरवावेही लागते.

इथे मला शिकागोच्या त्या श्विन कंपनीची आठवण होते. ज्यांच्या जुन्या सांगाड्यावर हा सगळा डोलारा उभा राहिला, त्यांनी काय केले? १९७८ च्या सुमारास त्यांनीही एक जाड टायरची सायकल काढून पाहिली, आणि लवकरच बंद केली. पुढे डोंगरी सायकलीची लाट आली, तेव्हा नव्या कंपन्या पुढे गेल्या आणि ही थोरली कंपनी मागे पडली. १९९२ साली तिने दिवाळे जाहीर केले. तिच्या दिवाळ्याला कारणे अनेक होती. एकट्या डोंगरी सायकलीवर दोष टाकणे बरोबर नाही. पण आपल्याच वखारीत पडलेले सोने परक्यांनी भंगारातून उचलावे, याला काय म्हणावे?

शर्यतींचेही रूप पालटले. १९८३ मध्ये अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना निघाली आणि नियम झाले. नुसत्या उताराऐवजी चढ, उतार, ओढे, झाडी असे सगळे मिळून लांब फेऱ्यांच्या शर्यती होऊ लागल्या. जॅकी फेलन नावाच्या बाईने पहिली तीन वर्षे स्त्रियांचे राष्ट्रीय विजेतेपद राखले, आणि नंतर इतर स्त्रियांना सायकल शिकवण्याचा खटाटोप केला. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगो गावी पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. चढउताराच्या शर्यतीत नेड ओव्हरेंड आणि ज्युली फर्टॅडो, उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड आणि कॅनडाची सिंडी डिव्हाइन असे विजेते झाले. हर्बोल्डच्या सायकलीच्या पुढच्या चिमट्यात एक नवी करामत होती: आत तेल आणि हवा, चाकाला धक्का बसला की चिमटा दोन इंचांच्या आसपास आत दबायचा आणि पुन्हा वर यायचा. पॉल टर्नर नावाच्या माणसाने मोटारसायकलीवरून ही कल्पना घेतली होती. पुढे धक्के सोसणारा भाग मागच्या चाकालाही आला, रिमवरचे गट्टू जाऊन चाकाच्या मध्याशी तबकडीचे ब्रेक आले, आणि नव्या शतकात सव्वीसऐवजी एकोणतीस इंची चाके आली. म्हणजे चाकाची उंची फिरून आपल्या काळ्या सायकलीच्या जवळ आली, पाहा! १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम घेतला गेला. पुरुषांत हॉलंडचा बार्ट ब्रेंटयेन्स आणि स्त्रियांत इटलीची पाओला पेझ्झो यांनी सुवर्णपदके मिळवली. आपल्याकडेही त्याच सुमारास आडव्या हॅण्डलच्या, जाड टायरच्या सायकली गावोगाव दिसू लागल्या. एका कंपनीच्या सायकलीच्या नावावरून मुले सरसकट सगळ्यांनाच ‘रेंजर’ म्हणत.

पण जिथे हे सुरू झाले, त्या मरिनमध्ये काय झाले? तिथे भांडण उभे राहिले. पायी फिरणारे म्हणाले, आम्ही शांततेसाठी डोंगरावर येतो आणि वळणावरून हे भुतासारखे अंगावर येतात. घोडेस्वार म्हणाले, आमची जनावरे बुजतात. काही म्हणाले, वाट खचते, माती वाहून जाते. सायकलवाले म्हणाले, आम्हीही याच गावचे, डोंगर सर्वांचा आहे. अखेर १९८० नंतरच्या दशकात तिथल्या अरुंद पाऊलवाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद वाटांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, आणि रानाचे रखवालदार वेग मोजण्याचे यंत्र घेऊन वळणांवर उभे राहू लागले. ज्या डोंगराने ही सायकल जन्माला घातली, त्याच डोंगरावर तिला मज्जाव! १९८८ मध्ये सायकलवाल्यांनी आपली संस्था काढली. वाटा स्वतः दुरुस्त करायच्या, पाणी जायला चर काढायचे आणि मग त्यावरून जाण्याचा हक्क मागायचा, असा मार्ग तिने घेतला. मला पायी चालणाऱ्यांची बाजूही पटते. घाटात मागून घंटी न वाजवता सुसाट आलेल्या सायकलीमुळे मी एकदा निवडुंगात गेलो आहे.

हिचा शोध लावला कोणी, असा प्रश्न मुले तुम्हांला विचारतील. फिशरला पुष्कळजण जनक म्हणतात. ब्रीझने पहिला खास सांगाडा केला. केलीने शर्यत भरवली आणि पुढे १९८० पासून या सायकलींवर एक छोटे नियतकालिकही चालवले. गिअर आधी कुपर्टिनोच्या मुलांनी लावले. शिवाय १९५० नंतर पॅरिसजवळच्या वीसएक तरुणांनी अशाच दणकट सायकली केल्या होत्या; इंग्लंडात १९५५ साली खडबडीत वाटांनी सायकल फिरवणाऱ्यांचे मंडळ निघाले; आणि जॉन फिन्ली स्कॉट या अमेरिकन माणसाने १९५३ मध्येच जाड टायर, सपाट हॅण्डल आणि गिअर यांची सायकल एकट्याने करून ठेवली होती. तेव्हा कोणी एकाचे नाव सांगू नका. मात्र त्या सगळ्यांचे सुटले आणि मरिनवाल्यांचे टिकले, याचे कारण माझ्या मते शर्यत. एकट्याने केलेली सुधारणा त्याच्या घरी राहते. घड्याळ लावून दहा जणांपुढे केलेली सुधारणा पुढच्या आठवड्यात दहाही जणांच्या सायकलीवर असते.

रीपॅकची नियमित शर्यत १९७९ नंतर थांबली. १९८३ आणि १९८४ मध्ये ती पुन्हा भरवली गेली, तेव्हा स्वार आले ते दुकानातून घेतलेल्या, हलक्या, हाताचे ब्रेक असलेल्या सायकलींवर. मागच्या चाकातून धूर निघाला नाही, हब कोणाला खोलावा लागला नाही. फिशरचे ४ मिनिटे २२ सेकंद मात्र तेव्हाही कोणाला मोडता आले नाहीत.